शेवयांच्या पाण्यात बुडवलेली काडी

आमच्या अंगणातलं पिओनीचं झाड फार तर आणखी दोन वसंत काढेल, हे मला त्या उन्हाळ्यातच कळलं होतं. एरवी मला कशाचीच खात्री नसते. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, तरी पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे विचारलं की मी आधी 'बहुधा' म्हणायचो. झाडाच्या बाबतीत मात्र शंका नव्हती. नऊ फांद्यांपैकी दोन वाळल्या म्हणून मी एका सकाळी बुंध्याजवळची माती उकरली. मुळांवर पांढऱ्या बुरशीचं जाळं होतं आणि ते वर, फांद्या जिथून फुटतात त्या गाठीपर्यंत चढलं होतं. कुजकी मुळं कापली, राख भरली, माती सारखी केली. बायकोनं विचारलं तर खत घातलं म्हणून सांगितलं.

ते झाड तिच्या वडिलांचं, म्हणून खरं सांगवेना. माझे सासरे, मिन दकुइ, कारखान्यात बॉयलर सांभाळायचे, पण मूळचे पिओनीवाल्यांच्या गावचे. त्यांनी बी पेरून हे झाड वाढवलं आणि आठव्या वर्षी त्याला पहिलं फूल आलं. पांढरं, तळाशी हिरवट झाक, आणि बाहेरच्या पाकळ्यांवर टाकानं ओढावी तशी एकेक बारीक जांभळी रेघ. आमच्या लोयांग शहराचा फुलांचा मोसम संपून बाहेरगावचे लोक परत गेले की मगच हे फुलायचं. म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'मागाहून येणारी'. या जातीचं दुसरं झाड कुठंच नव्हतं. ते वारले त्या वर्षी, शरद ऋतूत, आम्ही ते ढकलगाडीवरून आमच्या अंगणात आणलं. त्याला आता बावीस वर्षं झाली.

एकच झाड असलं तर त्याची कलमं करून ठेवावीत, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सासऱ्यांच्या गावात मुलींना कलम करायला शिकवत नसत. मुलगी लग्न करून जाणार, आणि हातातल्या कलेबरोबर घरच्या फुलाची जातही दुसऱ्याच्या दारात नेणार. रुइलानला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनी पाणी घालायला शिकवलं, कळ्या खुडायला शिकवलं, पण सुरी हातात दिली नाही. मुलगा नव्हता. कला त्यांच्याबरोबर गेली.

मी पुस्तकांवरून शिकलो. चार वर्षांत तेवीस कलमं केली आणि तेवीसही मेली. सालीला साल जुळवा, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. जुळवताना बोटं किती थरथरतात ते लिहिलेलं नसतं.

आणि शहराच्या उत्तरेला, टेकडीच्या उतारावर, ज्याच्या हातून एकही कलम वाया जात नाही असा माणूस आमच्याच नात्यात होता. गेंग फूशान, आमच्या मुलीचे, श्याओहेचे सासरे. स्वतःची रोपवाटिका, खणखणीत आवाज. "वाळल्या झाडूला कलम बांधलं तरी माझ्या हातून फुटेल," असं ते लग्नाच्या पंगतीतच म्हणाले होते. चार वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडे ते फूल पाहिलं. बराच वेळ उकिडवे बसून राहिले, मग म्हणाले, "विहीणबाई, शरदात कलमाला एक काडी द्या."

"बघू," रुइलान म्हणाली होती. दर वर्षी ते मागायचे, दर वर्षी ती "बघू" म्हणायची.

त्या वर्षी शरदाच्या सुरुवातीचा, पांढऱ्या दवाचा दिवस उलटला आणि त्यांचा फोन आला. त्यांचा फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळ्यांना ऐकू येतो.

"कलमासाठी खुंट काढून सावलीत सुकत घातलेत! रविवारी काडी घेऊन या, जेवायलाच या!"

"येतो की," रुइलान म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"खरंच देणार?"

"व्याही मागतायत. किती वर्षं नाही म्हणायचं?"

मला इतका आनंद झाला, की शंका यायला हवी होती ती आलीच नाही. गेंगच्या बागेत एक कलम लागलं तर झाड वाचलं. मुळांचं कधीच सांगावं लागणार नव्हतं. बुंध्याशी जमिनीतून वर आलेले त्या वर्षीचे चार कोंब होते, कलमाला असेच लागतात. रविवारी सकाळी त्यातला सगळ्यात जाड तिनं स्वतः कापला. मी ओलं फडकं शोधायला आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबलो.

शेवयांचं पातेलं उकळत होतं. रुइलाननं काडी वरच्या टोकाला धरून पाण्यात सोडली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती.

"काय करतेस?"

"शेवया."

"आणि हातात काय आहे?"

"दिसतंय ना तुला. मग विचारतोस कशाला?" दहापर्यंत मोजून तिनं काडी बाहेर काढली आणि झटकली. "जुन्या काळी कुणी दरबारी माणूस काडी मागायला आला, की लोयांगचे लोक ती गरम पाण्यात मारून मग द्यायचे. तूच वाचून दाखवलंस. वर हसलासही."

"त्याला हजार वर्षं झाली. आणि तो दरबारी माणूस. हा आपला व्याही आहे."

"म्हणून तर! दरबाऱ्याला नाही म्हटलं तर एकदाच डोकं जायचं. व्याह्याला नाही म्हटलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. आता कसं, काडी दिली, लागली नाही, कुणाचा दोष नाही."

"पण त्यांना एक काडी दिली तर बिघडतं काय?"

तिनं शेवया हलवल्या. "तीन वर्षांत प्रत्येक दुकानात उभी राहील. वर पाटी, 'गेंग यांची नवी जात'. बाबांनी आठ वर्षं वाट पाहिली, म्हाताऱ्या. त्यांचं नाव कोण घेणार? तो?"

सांगायची वेळ हीच होती. झाड मरतंय, बाबांचं नाव ठेवायला झाडच राहणार नाही. मी तोंड उघडलं.

"शेवया जास्त शिजतायत," एवढंच बाहेर पडलं.

त्या शेवया आम्ही खाल्ल्या. किंचित कडू होत्या, निदान मला तरी लागल्या. मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेऊन आम्ही बसनं निघालो. काडी माझ्या मांडीवर होती.

गेंगनी झाडाखाली दोन बुटकी स्टुलं मांडली होती. शेजारी टोपलीत खुंट होते, मऊ देठाच्या पिओनीची मुळं, दोन दिवस सुकून गाजरासारखी लवणारी. ताजं मूळ चिरताना फुटतं, म्हणून ते आधी असं सुकवतात. भिजवलेला ताग, मातीचा चिखल, सुरी, सगळं हाताशी. त्यांची बायको उकडलेल्या शेंगांचं ताट घेऊन आली आणि रुइलानला जवळ बसवून घेतलं.

गेंगनी फडकं उलगडलं. अंगठा काडीवरून खालपासून वरपर्यंत फिरवला आणि थांबले. अंगठा बोटावर चोळला, हुंगला. पांढरट काहीतरी लागलं होतं त्याला. मग त्यांनी डोळ्याजवळ नेऊन कोंब पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. रुइलानकडे नाही, माझ्याकडे. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो.

"छान काडी आहे," ते म्हणाले.

"मग इतका वेळ काय निरखताय?" त्यांची बायको म्हणाली. "स्थळ बघायला आलाय का?"

"तू शेंगा खा. नवीन माणसाची ओळख व्हायला वेळ लागतो."

त्यांनी सुरी लावली. जिवंत काडी कापताना कच्च्या मुळ्यासारखा आवाज येतो, तेवीस वेळा ऐकलाय मी. या वेळी आवाज आला नाही. पातं उकडलेल्या बटाट्यात जावं तसं आत गेलं. पाचर निघाली ती तपकिरी, ओलसर, काचेसारखी. त्यांनी हात चटकन वळवला, बायकोला दिसू नये असा, आणि पाचर खुंटाच्या चिरेत बसवली. सालीला साल जुळवली. तागाचे वेढे घेतले, प्रत्येक वेढा ओढून पाहिला. जोडावर चिखल लिंपला आणि कडेनं बोट फिरवून गुळगुळीत केला. जिवंत कलमाचेही इतके लाड झालेले मी पाहिले नव्हते.

आधी मला वाटलं, चेष्टा करतायत. आता हसतील, आता बोलतील. पण ते बोलत नव्हते. अखंड बोलणारा हा माणूस गप्प होता आणि त्याचे कान लाल झाले होते. कलम दोन्ही हातांत धरून ते वाफ्याकडे गेले. उतारावरचा सगळ्यात चांगला वाफा तो. खड्डा करून त्यांनी मूळ आत उभं केलं.

"विहीणबाई," आमच्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "वसंतात नाही फुटली तर माझ्या हाताचा दोष समजा. वय झालं. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

"थांबा!"

हे मी म्हणालो होतो, आणि इतक्या मोठ्यांदा, की कुंपणाजवळचा कुत्रा उठून उभा राहिला.

"ती काडी मेलेली आहे. आम्ही ती शेवयांच्या पाण्यात बुडवली सकाळी."

"आम्ही नाही," रुइलान म्हणाली. "मी." शेंग तिच्या हातातच राहिली होती.

गेंग सावकाश वळले. "किती मोजले?"

"दहा."

"पाच पुरे होते. फार शिजली. आणि नुसतं पाणी घ्यायचं हो, पीठ कशाला?" त्यांनी अंगठा वर करून दाखवला.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?" त्यांची बायको उठून उभी राहिली. "आणि तरी पुरताय?"

"व्याह्यांनी दिलेली काडी परत करतात का कुणी?"

"आणि तुम्ही हो विहीणबाई! मागितली म्हणजे काय गुन्हा केला? सरळ नाही म्हणायचं होतं!"

"सरळ नाही म्हटलं असतं तर तुम्ही सरळ ऐकलं असतं?"

गेंगची बायको क्षणभर विचारात पडली. "नसतं," ती म्हणाली आणि परत बसली.

रुइलानचा चेहरा तापला होता. चोरी पकडली गेली की ती अशीच चिडते. "मला एक सांगा, व्याहीबुवा. लागली असती, वाढली असती, तर पाटीवर नाव कुणाचं लावलं असतंत?"

गेंगनी हात पँटला पुसले. "माझं," ते म्हणाले. "माझ्या वाफ्यातल्या सगळ्याला माझंच लावतो. दुसरं कुणाचं लावायचं असतं हे डोक्यातच आलं नाही कधी."

"झालं तर मग," रुइलान म्हणाली आणि पिशवी उचलली. "राहू दे बाबांचं झाड आमच्याच दारात."

"राहणार नाही," मी म्हणालो.

एकदा बोललो होतो, म्हणून दुसऱ्यांदा बोलणं सोपं गेलं. भीती वाटत होती, पण जे सांगायचं होतं त्याबद्दल तिळभर शंका नव्हती.

"ते मरतंय, रुइलान. मुळं कुजलीत. बुरशी गाठीपर्यंत गेली. दोन वसंत, फार तर."

"तू खत घातलंस ना?"

"खोटं बोललो. राख होती ती. माझ्या हातून तेवीस कलमं मेली, आणखी दहा केली तर दहाही मरतील. हा एकच माणूस आहे. आज तू याला काडी दिली नाहीस तर बाबांचं नाव कुठल्याच पाटीवर राहणार नाही, कारण पाटीखाली काही नसेल."

रुइलाननं पिशवी खांद्याला लावली आणि ती बसच्या रस्त्याला लागली. मी गेंगना वाकून नमस्कार केला, त्यांनी हातानंच जा, जा म्हणून खुणावलं.

बसमध्ये ती पुढच्या बाकावर बसली, मी मागच्या. घरी पोचल्यावर ती चपलांसकट अंगणात गेली, खुरपं घेतलं आणि बुंध्याशी खणायला लागली. ऊन अजून भिंतीवर होतं. मुळाचा एक तुकडा तिच्या हातात सुटून आला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. तिनं तो नाकाशी धरला, मग खाली ठेवला, आणि जमिनीवरच बसली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला रोज विचारायचास, आज झाड कसं दिसतंय म्हणून."

मी खुरपं उचलून बाजूला ठेवलं.

तिनं बुंध्याभोवती हात फिरवला. "नवे कोंब तीन आहेत."

"तिन्ही निरोगी आहेत."

"चार होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच फोन लावला. "व्याहीबुवा, सुरी घेऊन या. खुंटही आणा." पलीकडून काय उत्तर आलं ते या वेळी ऐकू आलं नाही. गेंग पहिल्यांदाच हळू बोलले असावेत.

तासाभरात त्यांची तीनचाकी दारात उभी राहिली. बायको मागे पोत्यांवर बसून आली होती, हातात कालच्या उरलेल्या शेंगा. गेंगनी मुळं पाहिली, माती चिमटीत घेऊन पाहिली आणि मान हलवली.

"इथं नाही लावायची. या मातीत पाच वर्षं तरी पिओनी लावू नका. आणि झाड याच आठवड्यात मुळासकट काढून जाळायचं. बुरशी शेजारच्यांकडे गेली तर शिव्या तुम्हाला पडतील."

"मग लावायची कुठं?" रुइलाननं विचारलं, खरं तर तिला कळलं होतं.

"माझ्याकडे."

ती झाडाकडे पाहत राहिली. ज्या झाडाची काडी उंबरा ओलांडू नये म्हणून तिनं ती उकळत्या पाण्यात धरली होती, त्याची एकही काडी आता या घरात राहणार नव्हती. मी काही बोललो नाही. या वेळी मुद्दाम.

"काड्या मी कापणार," ती म्हणाली. "आणि एक कलम मी बांधणार."

गेंगच्या बायकोनं शेंग फोडली. "आमच्यात मुलींना शिकवत नाहीत हो."

"मुलींना नाही," गेंग म्हणाले. "विहिणीबद्दल नियम नाही कुठला." आणि त्यांनी सुरी मुठीकडून तिच्यापुढे धरली.

तिन्ही काड्या तिनं कापल्या. तिन्ही वेळा तो कच्च्या मुळ्याचा आवाज आला.

उतारावरच्या त्याच वाफ्यात काम झालं. कालचं कलम गेंगनी उपटून बाजूला टाकलं. दोन कलमं त्यांनी बांधली, आणि ती बांधत असताना रुइलान त्यांच्या खांद्यावरून इतकी वाकून पाहत होती, की ते दोनदा म्हणाले, "विहीणबाई, उजेड." तिसरं तिनं बांधलं. पहिली पाचर तिरकी गेली. "थोडी खाली, परत. साल एका बाजूलाच जुळवा, दोन्ही बाजूंच्या नादाला लागू नका." दुसऱ्यांदा ती बसली. गेंगनी अंगठ्यानं जोड चाचपला, बराच वेळ. "कुठं शिकलात?"

"आत्ताच."

"खोटं. बापाचा हात आहे हा."

रुइलाननं तागाची गाठ मारली, पुन्हा एकदा मारली, आणि डोळे बाहीनं पुसले. चिखल चेहऱ्याला लागला.

पाटी लिहायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्षर माझं बरं आहे, एवढं मला कबूल करावं लागतं. गेंगनी जस्ताच्या तीन पट्ट्या आणि लाखेच्या रंगाची डबी दिली. मी लिहिलं, 'मागाहून येणारी. मिन दकुइ यांनी बियांपासून वाढवली.' गेंगनी पट्टी लांब धरून वाचली.

"खाली जागा उरलीय," ते म्हणाले.

"उरू दे," रुइलान म्हणाली.

मग जरा थांबून तीच म्हणाली, "लिही रे. 'गेंग फूशान यांच्या वाफ्यात.' अक्षर लहान काढ."

झाड काढायला मला दोन दिवस लागले. मी पुस्तकातला माणूस, कुदळ फारशी हातात धरलेली नाही. तरी मुळाचा एक धागाही मागे ठेवला नाही. खड्ड्यात चुना घातला आणि तो बुजवला. रुइलान दोन्ही दिवस खिडकीत भाजी निवडत बसली होती, आणि शेवटची फांदी पेटली तेव्हा बाहेर येऊन तिनं मला चहा दिला. कपात साखर दुप्पट होती.

हे लिहितोय तेव्हा मोठी थंडी पडलेली आहे. वसंताच्या तोंडावरच्या, किडे जागे होण्याच्या दिवसापर्यंत कलमांवर रचलेल्या मातीच्या ढिगाखाली काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही. लोक विचारतात, झाड जाळून टाकलंत, आणि कलमं लागली नाहीत तर? मी सांगतो, लागतील. कुणी दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच सांगतो. माझ्यासारख्या माणसाकडून ते ऐकून त्यांना जरा विचित्र वाटतं, हे मला दिसतं.

पण रुइलानला कुणाच्या खात्रीशी देणं-घेणं नाही. रात्री बर्फ पडलं की सकाळी तिचा फोन गेंगकडे जातो.

"वाऱ्यानं ढिगावरची माती गेली असेल. मधल्यावर बघा. मधलं माझं आहे."

"गेली नाही हो, विहीणबाई. आत्ताच बघून आलो."

"तरी दोन घमेली घाला," ती म्हणते. "मी थांबते फोनवर."

आणि पलीकडे फावड्याचा आवाज येईपर्यंत ती फोन खाली ठेवत नाही.